आजार सांगून निघा : प्रवासाच्या विम्याची जुनी-नवी गोष्ट



आपल्या बायकांचा प्रवास आता वाढलाय. कुणी गटाबरोबर काशी-प्रयागला जाते, कुणी चारधामला. कुणाची लेक परदेशात असते, तिच्या बाळंतपणाला आई विमानाने जाते. वय पन्नास-साठच्या पुढचं. बरोबर गोळ्यांची पिशवी असतेच. एकीला शुगर, एकीला बीपी, एखादीच्या हृदयात स्टेंट बसवलेला, एखादीचा कॅन्सरचा उपचार नुकताच संपलेला.

अशा वेळी विम्याचा विषय निघाला की गटात दोन बोलणी हमखास ऐकू येतात. एक म्हणते, "आपल्याला आजार आहे, आपल्याला कोण विमा देणार?" दुसरी म्हणते, "आजार सांगायचाच कशाला? फॉर्मवर 'नाही' लिहायचं आणि मोकळं व्हायचं." पहिलीचा विमा राहून जातो. दुसरीचा निघतो, पण वेळेला बुडतो. हा पेच कुठून आला आणि त्यातून वाट कशी निघत गेली, हे आज आपण बघू. त्यासाठी थोडं मागे जायला लागेल.

विम्याचं मूळ साधं आहे. आपण गटात दर महिन्याला पैसे टाकतो आणि जिच्यावर वेळ येते तिला उचलून देतो. विमाही तसाच. फरक एवढाच की गटात आपण एकमेकींना ओळखतो. कोणाचा नवरा आजारी आहे, कोणाची म्हैस आटली आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. विमा कंपनी आपल्याला ओळखत नाही. तिला आपण सांगू तेवढंच कळतं. म्हणून "खरं सांगा" ही विम्याची पहिली अट झाली.

ही अट कायद्यात पक्की झाली ती 1766 साली, इंग्लंडच्या एका खटल्यात. सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा एक किल्ला होता, फोर्ट मार्लबरो. तिथल्या गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी म्हणून विमा काढला. 1760 साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, "किल्ला कमकुवत आहे हे तुम्ही लपवलंत, पैसे मिळणार नाहीत." न्यायाधीश होते लॉर्ड मॅन्सफील्ड. त्यांनी सांगितलं, की विमा घेणाऱ्याने आपल्याला एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगितलीच पाहिजे. पण जी गोष्ट विमा देणाऱ्याला ठाऊक होती, किंवा ठाऊक असायला हवी होती, तिच्यावर बोट ठेवून त्याला नंतर हात झटकता येणार नाही. निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला.

मैत्रिणींनो, हा निकाल लक्षात ठेवा. याचे दोन भाग आहेत : आपण सांगायचं, आणि ऐकून घेतल्यावर कंपनीने पाळायचं. विमा म्हटलं की पहिला भाग सगळे सांगतात. दुसरा भाग आपल्यापर्यंत फारसा पोचत नाही.

आपल्या देशात विमा कंपनी आली ती 1818 साली, कलकत्त्याला. नाव ओरिएंटल लाइफ. पण या सुरुवातीच्या कंपन्या गोऱ्या लोकांसाठी होत्या. हिंदी माणसाचा विमा त्या उतरवत नसत. पुढे उतरवू लागल्या, तरी आपल्या लोकांचं आयुष्य कमी प्रतीचं धरून वर जादा हप्ता लावत. म्हणजे अंगात आजार असो-नसो, इथे जन्माला येणं हाच जणू आधीपासूनचा आजार! ही रीत मोडली मुंबईने. 1870 साली बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली. तेव्हा आज कुणी "तुमच्यासारख्यांना विमा नाही" म्हणालं, तर हे आठवावं. कुणाला आत घ्यायचं याचे नियम माणसांनीच केलेले असतात, आणि ते बदलतात.

आता प्रवासाकडे येऊ. रेल्वे सुरू झाल्यावर अपघातही सुरू झाले. इंग्लंडमध्ये 1849 साली रेल्वे प्रवाशांसाठी खास विमा कंपनी उभी राहिली. तिकिटाबरोबरच विम्याची चिठ्ठी मिळे. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला एका पेनीत 200 पौंडांचा विमा, पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तीन पेनीत 1000 पौंडांचा. कुणी विचारत नसे, तुला आजार काय आहे. कारण विमा फक्त अपघाताचा होता.

आपल्याकडेही रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढलं तर तिथे विम्याचा पर्याय येतो. 2016 च्या सप्टेंबरात हा विमा 92 पैशांना सुरू झाला, नंतर तो 45 पैशांवर आला. रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर 10 लाख रुपये मिळतात. आजार विचारत नाहीत. पण गाडीत छातीत दुखायला लागलं, शुगर उतरून चक्कर आली, तर या विम्याचा उपयोग नाही. "तिकिटात विमा आहे" एवढं ऐकून निर्धास्त राहू नका. विमा अपघाताचा की आजारपणाचा, हे आधी विचारा.

आजारपणाचा विमा आपल्याकडे बराच उशिरा आला. 1956 च्या 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. 1973 पासून बाकीचा विमाही सरकारी झाला आणि त्याच्या चार कंपन्या झाल्या. त्यानंतर 1984 साली परदेशी जाणाऱ्यांसाठी 'ओव्हरसीज मेडिक्लेम' पॉलिसी आली, आणि 1986 साली देशातल्या दवाखान्याच्या खर्चासाठी 'मेडिक्लेम' आली. दोन्हींत एक कलम होतं : पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळणार नाही. कंपनीचं म्हणणं असं, की घर पेटल्यावर आगीचा विमा कोणी काढू लागलं तर धंदा चालायचा कसा? यात तथ्य आहे. पण ज्याला शुगर आहे त्याचं घर काही पेटलेलं नसतं. तो गोळ्या घेतो, पथ्य पाळतो, शेतात कामही करतो. अशा माणसाने काय करायचं, याचं उत्तर शोधण्यात कोर्टाची बरीच वर्षं गेली.

दोन खटले सांगतो. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

पहिला खटला एका विधवा बाईचा. तिच्या नवऱ्याने 1990 साली मेडिक्लेम घेतला होता. त्याला जुना मधुमेह होता, मूत्रपिंडंही बिघडली होती. पण फॉर्मवर तब्येत चांगली असल्याचं लिहिलं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. उपचाराचे पैसे मिळावेत म्हणून ती बाई लढत राहिली. 2009 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आजार लपवला होता, कंपनीने दावा नाकारला ते बरोबर. सही करणारा गेला, आणि त्या सहीचा निकाल ऐकायला 19 वर्षांनी बायको राहिली.

दुसरा खटला थेट प्रवासाचा आहे. 2009 च्याच मे महिन्यात एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. त्यांना मधुमेह होता. त्यांनी परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. मधुमेह आहे हे फॉर्मवर लिहिलं, डॉक्टरी तपासणीही करून दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले, तर अंगातलं त्राण गेलं, घाम फुटला. दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीने पैसे नाकारले. म्हणाली, हा आधीपासूनच्या आजाराचा परिणाम, शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती ते सांगितलं नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले.

मात्र 6 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, विक्रम नाथ आणि नागरत्ना यांच्या पीठाने सांगितलं, की विमा घेणाऱ्याने आजार सांगितला, कंपनीने तपासला आणि तरीही पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराचं कारण देऊन दावा नाकारता येणार नाही. कोलेस्टेरॉलची ती गोळी मधुमेह्यांना खबरदारी म्हणूनही देतात, हेही न्यायालयाने पाहिलं. पॉलिसीची भाषा संदिग्ध असेल, तर तिचा अर्थ विमा घेणाऱ्याच्या बाजूने लावायचा, असंही सांगितलं. पैसे व्याजासकट द्यायला लावले. 1766 च्या निकालाचा दुसरा भाग इथे आपल्या देशातल्या साध्या प्रवाशाच्या कामी आला.

दोन्ही माणसांना मधुमेह होता. एकाच्या कागदावर तो लिहिलेला होता, एकाच्या नव्हता. मैत्रिणींनो, आपला फॉर्म बहुतेक वेळा एजंट भरतो किंवा घरातला मुलगा भरतो. सगळीकडे "नाही, नाही" अशा खुणा होतात, आणि आपण सांगितलेल्या जागी सही करतो. ती सही आपल्या नावावर चढते. म्हणून फॉर्म वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, आणि आपली गोळी कोणती, कधीपासून, ते त्यात आलंच पाहिजे.

मधल्या काळात नियमही बदलले. 2008 साली केंद्र सरकारची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 30 हजार रुपयांपर्यंत उपचार, आणि जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून. हे तेव्हा नवीनच होतं. आपल्या राज्यात 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 23 सप्टेंबर 2018 पासून आयुष्मान भारत योजना आली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतो, जुना आजारही चालतो. प्रवासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी, की योजनेत सामील असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत दवाखान्यातही ते कार्ड चालतं. म्हणून यात्रेला निघताना आयुष्मान कार्ड घरच्या ट्रंकेत ठेवू नका, बरोबर घ्या. परदेशात मात्र ते चालत नाही.

आपल्या वारीसाठीही 2023 साली राज्य सरकारने विठ्ठल रुक्मिणी वारकरी विमाछत्र योजना जाहीर केली. मृत्यू झाल्यास कुटुंबाला 5 लाख आणि वारीत आजारी पडल्यास 35 हजारांपर्यंत औषधोपचार, अशी तिची मांडणी होती. दिंडीबरोबर निघण्याआधी त्या वर्षी काय सोय आहे, ते तहसील कार्यालयात विचारून घ्यावं.

विकत घेण्याच्या आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. 1 एप्रिल 2024 पासून तो तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चांगलं झालं. पण पंधरा दिवसांच्या प्रवासाला तीन वर्षं थांबून काय उपयोग? प्रवासाच्या पॉलिसीत म्हणूनच जुन्या आजाराचं कलम वेगळं वाचावं लागतं. अनेक पॉलिसींत जुन्या आजाराचा खर्च जीव धोक्यात आला तेवढ्यापुरताच मिळतो, तोही ठरलेल्या रकमेपर्यंत. इंग्लंडमध्ये एप्रिल 2021 पासून असा नियम आहे, की आजारामुळे कंपनीने विमा नाकारला किंवा ठरावीक रकमेपेक्षा जास्त जादा हप्ता लावला, तर गंभीर आजाराचे विमे देणाऱ्या कंपन्यांच्या यादीचा पत्ता तिने सांगायचा. आपण इथे एका नकारावर थांबू नये, दोन-तीन कंपन्यांकडे विचारावं.

तर निघण्याआधी एवढं करा. डॉक्टरांकडून आजाराचं नाव, गोळ्या आणि "प्रवास करायला हरकत नाही" असं लिहून घ्या. फॉर्मवर सगळे आजार लिहा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. कंपनीने तपासणी केली तर तिचाही कागद ठेवा. कंपनीला विचारा, "माझ्या या आजाराने दवाखान्यात जायची वेळ आली, तर किती पैसे मिळतील?" उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. पॉलिसीचा नंबर आणि मदतीचा फोन एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा, एक चिठ्ठी घरी ठेवा. दवाखान्यात जावं लागलं तर लगेच फोन करा.

आणि दावा नाकारला तर घाबरू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. ग्राहक आयोगाचा रस्ता तर आहेच.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या ज्या बायकांनी कुठलाही विमा घेतलाय, त्यांनी आपापला कागद आणावा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं. आपल्या नावापुढे तब्येतीबद्दल काय लिहिलंय, ते आपल्या कानांनी ऐका. चुकीचं असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा, आणि पत्राची पोच घ्यायला विसरू नका.