खोपोलीचं पोलाद आणि ट्रकच्या चासीचा गंज

दहिवलीकरांनो, खोपोली म्हटलं की घाटाआधी थांबलेले ट्रक आठवतात. पण ट्रकचं पोलादही तिथलंच! १९६२ साली स्थापन झालेल्या महिंद्रा युजीनने फ्रान्सच्या युजीन कंपनीच्या सहकार्याने खोपोलीत मिश्रधातूचं पोलाद बनवायला घेतलं. ते गिअर, अ‍ॅक्सलसारख्या भागांसाठी. चासी मात्र पोलादाच्या जाड पट्ट्यांची. ती गंजते. दोन पट्ट्या रिव्हेटने जोडल्या की मधल्या फटीत चिखल, पावसाचं पाणी, मीठ साचतं. गंज आतल्या आत फुगतो, पट्टी पातळ होते. वरून रंग मारला की काहीच दिसत नाही.

आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. तेव्हा रंग बघू नका, हातोडी मारून चासी तपासा. बोरघाट उतरताना सगळा लोड तिच्यावरच असतो.