नाव, स्थान आणि अर्थ : दृश्य प्रोग्रॅमिंगमधील जोडफायलींचा शोध

बीड जिल्ह्यात ‘नारायणगड’ असे म्हटले की श्रोत्याच्या मनात संत नगद नारायण महाराजांचे स्थान उभे राहते. हाच शब्द पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे उच्चारला, तर गावाजवळचा डोंगरी किल्ला अभिप्रेत असतो. शब्द एकच, भेद आहे तो श्रोता त्या नावाचा शोध प्रथम कोठे घेतो, याचा. भाषाशास्त्राला हा प्रश्न परिचयाचा आहे. संगणकाच्या इतिहासातही तो वारंवार उपस्थित झाला असून त्याच्या एका शाखेचा विचार येथे कर्तव्य आहे.

दृश्य प्रोग्रॅमिंगमध्ये आज्ञा ओळीने लिहिण्याऐवजी पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडतात. चौकटीत बहुधा केवळ एक नाव असते. त्या नावामागील कार्य मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर ते बाहेरच्या फायलीतून आणावे लागते. अशा फायलीस येथे ‘जोडफाइल’ म्हटले आहे. ती कोठे शोधावी, हा प्रश्न वरवर व्यवस्थेचा दिसतो. वस्तुतः तो अर्थनिश्चितीचा आहे.

शोधाच्या क्रमाची कल्पना जुनी होय. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आज्ञा शोधण्याच्या जागा ठरलेल्या होत्या : प्रथम चालू फोल्डर, मग दोन सामाईक फोल्डरे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून ही यादी वापरणाऱ्याच्या हाती आली. स्वातंत्र्य वाढले, परंतु एकाच नावाचा अर्थ दोन यंत्रांवर निराळा होण्याची शक्यताही त्याबरोबर वाढली.

संगीतरचनेसाठी मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संस्थेत ‘मॅक्स’ आणि पुढे १९९० च्या दशकात ‘प्युअर डेटा’ ही सॉफ्टवेअरे निर्माण केली. प्युअर डेटाचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. त्याच्या ‘एक्स्टेंडेड’ या आवृत्तीत अनेक जोडसंग्रह आरंभीच आपोआप लोड होत. नवशिक्यास हे सोयीचे होते. मात्र कोणती चौकट कोणत्या संग्रहातील आहे, याची नोंद रचनेत राहत नसे. २०१३ नंतर ती आवृत्ती पुढे चालली नाही, तेव्हा अशा अनेक रचना मूळ आवृत्तीत उघडताच त्यांतील चौकटी निरर्थक ठरल्या. आणखी एक अडचण अशी की, एखादे नाव एकदा लोड झाले की त्या सत्रात ते सर्वत्र लागू होते. त्यामुळे कोणती रचना आधी उघडली, यावरही दुसरीचा अर्थ अवलंबून राहू शकतो.

यावरील उपाय प्युअर डेटातच क्रमाने घडत गेला. ‘डिक्लेअर’ ही चौकट रचनेतच लिहून ठेवते की, आपल्याला अमुक फोल्डर व अमुक संग्रह हवा. नावाआधी संग्रहाचे नाव जोडण्याची रीतही रूढ झाली. ‘बीडचा नारायणगड’ म्हणण्यासारखीच ती आहे. २०१६ पासून ‘डेकेन’ या साधनाद्वारे संग्रह शोधून उतरवून घेण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली.

महाराष्ट्रात हा प्रश्न सायलॅबच्या निमित्ताने समोर येतो. आय. आय. टी. मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प सायलॅबचा शिक्षणक्षेत्रात प्रसार करीत आला आहे. ‘एक्सकॉस’ हे त्याचे दृश्य अंग होय. ‘अ‍ॅटम्स’ या व्यवस्थेने त्यात जोडसंच बसविता येतात. ते सर्व वापरकर्त्यांसाठी किंवा एकट्यासाठी बसविण्याचे दोन पर्याय असतात. शिक्षकाने संच स्वतःच्या खात्यापुरताच बसविला, तर त्याच यंत्रावर दुसऱ्या खात्याने आलेल्या विद्यार्थ्यास तो मिळणार नाही. आकृती तीच, यंत्रही तेच. तरी ती चालणार नाही, आणि दोष आपल्याच आकृतीत आहे असा विद्यार्थ्याचा समज होईल.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण होईल. पोथी शाबूत होती, अक्षरेही स्पष्ट होती. परंतु किल्ली पोथीबाहेर, संप्रदायाच्या हाती होती. महानुभावांनी ही गुप्तता हेतुपुरस्सर स्वीकारली होती. आपल्या आकृत्या मात्र निष्काळजीपणामुळे तशा होतात.

या इतिहासावरून काही नियम निष्पन्न होतात. शोध जवळून दूर जावा : प्रथम रचनेचे स्वतःचे फोल्डर, मग रचनेनेच सांगितलेल्या जागा, नंतर वापरकर्त्याच्या आणि शेवटी सामाईक. एकाच नावाच्या दोन फायली आढळल्यास सॉफ्टवेअरने मुकाट्याने पहिली न घेता तसे सांगावे. फाइल न सापडल्यास चौकट व तिच्या जोडण्या राखून उणीव नावानिशी दाखवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रचनेला काय हवे आहे ते रचनेतच लिहिलेले असावे. आज प्रयोगशाळेत काढलेली आकृती दहा वर्षांनी अन्यत्र वाचली जावी अशी अपेक्षा असेल, तर तिचा अर्थ एका यंत्राच्या मांडणीवर सोडून चालणार नाही.