विहिरीचे मोल

वसईच्या इतिहासाचा विषय निघाला की आम्हांस प्रथम किल्ला आठवतो. १५३४ साली पोर्तुगीजांचा अंमल आला, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, ह्या सनावळ्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. परंतु येथील घराघरांतील सुबत्ता तटबंदीने नव्हे, तर वाडीतील विहिरीने आणली, ह्याचा मात्र आम्हांस विसर पडतो.

पाण्याचे मोल म्हणजे पाण्याचा भाव नव्हे. केवळ पावसावर विसंबणाऱ्या शेतात भाताचे एकच पीक निघते. तेच शेत विहिरीला जोडले की उरलेले आठ महिनेही कामी येतात. पूर्वी रहाटाची माळ फिरे, पाटाचे पाणी वाफ्यांत शिरे आणि केळी, पानवेली, भाजीपाला, फुलझाडे भर उन्हाळ्यात हिरवी राहत. १८६७ साली विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली आणि मुंबईची बाजारपेठ अधिकच जवळ आली. एका भातपिकाचे उत्पन्न आणि बारमाही बागायतीचे उत्पन्न ह्यांतील अंतर, हेच भूजलाचे खरे आर्थिक मोल होय. त्या अंतरावरच आमच्या घरांतील शिक्षणे झाली, लग्ने झाली, आजारपणे निभावली.

ह्या ठेवीत दरवर्षी भरणा करण्याची सोयही पूर्वजांनी करून ठेवली होती. वाडीत खणलेली बावखले, म्हणजे लहान तळी, पावसाचे पाणी साठवीत व जमिनीत मुरवीत. आसपासच्या विहिरी त्या पाण्यावर जगत.

पुढे शहर वाढले आणि १९८० च्या दशकात विहिरींपाशी टँकर उभे राहू लागले. वर्षभर राबण्यापेक्षा पाणी विकणे काहींना सोयीचे वाटले. आम्ही त्यांना सरसकट दोष देत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमीनमालकास आपल्या जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क होताच. परंतु बांध जमिनीला असतो, पाण्याला नसतो. एकाने विकलेल्या पाण्यात शेजाऱ्याचाही वाटा होता. शिवाय किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर चढू शकते. टँकरच्या भावात ही हानी कोणी धरली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो ह्या न धरलेल्या हानीविरुद्धही होता.

ज्यांच्या वाडीत बावखल अद्याप शिल्लक आहे, त्यांनी ते बुजविण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. जागेची किंमत एकदाच हाती येते. विहीर मात्र आजोबांना देत होती, आम्हांस देत आली. नातवंडांना तिने काय द्यावे, हे आम्हीच ठरवीत आहोत.