कोणती राख कोणत्या भांड्याला?

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझे लहानपण गेले. आमच्या घरात तेव्हा दोन प्रकारची राख निघे. मागच्या पडवीतल्या चुलीत लाकूड, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळत; त्यांची राख भुरकट आणि मऊ असे. पुढच्या खोलीतल्या सिगडीत दगडी कोळसा जळे; त्याची राख खरखरीत, खड्यांची. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरली, की राख आणून देण्याचे काम आम्हा मुलांकडे येई. एकदा मी आळस करून जवळच्या सिगडीतली राख उचलून आणली. आजीने ती चिमटीत घेतली, बोटांत चोळली आणि ओंजळ परत माझ्याच हातात दिली. "ही अंगणातल्या चिखलावर टाक रे भाऊ. भांड्याला चुलीची आण."

ही राख आणि ती राख यांत फरक काय, हे तिने सांगितले नाही; तिला तो बोटांनी कळत होता. मला मात्र कळायला बरीच वर्षे जावी लागली. आज घरच्या घरी 'नैसर्गिक' साफसफाईची द्रव्ये करण्याची हौस पुन्हा वाढते आहे. अशा वेळी खानदेशातल्या घरांनी भांडी, कपडे आणि भिंती कशाने स्वच्छ ठेवल्या, त्या वस्तू का गेल्या आणि त्यांच्याबरोबर आणखी काय गेले, याचा मागोवा घेणे उपयोगाचे ठरेल असे वाटते.

ज्यावर महसूल, त्याची नोंद

या विषयाच्या अभ्यासातली पहिली अडचण साधनांची. इतिहासाची जुनी कागदपत्रे ज्या वस्तूवर महसूल मिळे, तिच्याविषयी भरभरून बोलतात. खानदेशाच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले, की काठावर क्षारांचे थर उरत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये या ठिकाणाची नोंद केली. काच आणि साबण करण्यासाठी लागणारे सारे साहित्य इथल्या डोंगरांत मिळते आणि त्यातून सरकारला चांगले उत्पन्न होते, असा तिचा आशय आहे. इंग्रजी अमलातही या क्षारांच्या प्रती ठरलेल्या होत्या. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची नावे नोंदींत सापडतात.

म्हणजे साबणाला लागणारा खार आपल्या भागाला किमान चारशे वर्षांपासून माहीत होता. पण चुलीतल्या राखेवर कोणी कर बसवला नाही. ती विकत मिळत नव्हती, गाड्यांतून जात नव्हती, जकातनाक्यावर मोजली जात नव्हती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेतला खानदेशचा खंड १८८० साली निघाला. त्याच वर्षी असोद्याला बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. सरकारी ग्रंथाचे लक्ष जमीन, पिके, बाजार आणि महसूल यांवर होते. बहिणाबाईंचे जग चूल, जाते आणि शेत यांचे होते. राखेचा इतिहास शोधायचा तर या दुसऱ्या जगात, म्हणजे स्वयंपाकघरात आणि मोरीत शिरावे लागते.

चुलीतली रसायने

लाकूड किंवा पिकांची काड जळाली, की तिच्यातला पालाश राखेत कार्बोनेटच्या रूपाने उरतो. नत्र, स्फुरद, पालाश या त्रयीतला हा पालाश आपल्या शेतकऱ्याला चांगला परिचित आहे. युरोपातही राख पाण्यात भिजवून, ते पाणी भांड्यांत आटवून हा खार काढीत. त्यावरून 'पोटॅश' हा शब्द आला आणि १८०७ साली हम्फ्री डेव्हीने त्यातून वेगळ्या केलेल्या धातूला 'पोटॅशियम' हे नाव मिळाले. 'अल्कली' हा शब्दही मुळात अरबी असून राखेशीच नाते सांगतो.

ओल्या राखेने तेलकट भांडे घासताना दोन कामे एकदम होतात. राखेचे बारीक कण मळ खरवडतात आणि तिच्यातला खार तेलाशी संयोग पावून थोडासा साबणच तयार करतो. शेंगदाण्याच्या तेलाची तर्री आलेली शेवभाजीची कढई राखेने का निघे, याचे उत्तर इथे आहे. कपड्यांसाठी राख थेट वापरीत नसत. ती पाण्यात कालवून, बसू देऊन वरची निवळ घेत आणि त्या निवळीत जाडेभरडे कपडे उकळत. घटस्थापनेच्या आधी तापीच्या काठी गोधड्या आणि वाकळा धुण्याची जी झुंबड उडे, तिच्यामागे पूर्वी ही निवळ किंवा परटाच्या भट्टीतला खार असे.

दगडी कोळशाची राख मात्र वेगळी. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना. पाण्यात उतरणारा खार नगण्य. ती तेल कापत नाही आणि पितळेवर चरे मात्र पाडते. आजीने चिमटीत नेमके हेच ओळखले होते. खाराची राख बोटांना बुळबुळीत लागते, कोळशाची लागत नाही.

राखेखेरीज घरात आंबट वस्तू होत्या. तांब्या-पितळेवर हवेने काळा थर चढतो. तो खाराने जात नाही, त्याला आम्ल लागते. म्हणून चिंचेचा कोळ, लिंबाची साल, नासलेले ताक. आमच्याकडे क्रम ठरलेला असे. आधी चिंच लावायची, भांडे धुवायचे, मग कोरड्या राखेने लख्ख करायचे. आम्ल आणि खार एकत्र आले तर एकमेकांचा जोर मारतात, हे त्या क्रमामागचे रसायनशास्त्र. आंबट पदार्थ मात्र त्याच पितळी भांड्यात ठेवायचा नाही, तो कळकतो, त्यासाठी कल्हई. जी चिंच भांडे उजळते तीच आतले अन्न बिघडवते, हे प्रत्येक सुनेला पहिल्या वर्षीच शिकवले जाई.

नाजूक वस्तूंना रिठा. त्याच्या सालीतील सॅपोनिनमुळे फेस येतो, पण तो राखेसारखा जळजळीत नसतो. म्हणून रेशीम, लोकर आणि सोनाराकडचे दागिने रिठ्याच्या पाण्यात. भिंतींना चुना. ताजा विरवलेला चुना इतका तीव्र असतो की भिंतीवरची बुरशी आणि जंतू त्यात टिकत नाहीत. दिवाळीच्या रंगकामाची ही आरोग्याची बाजू.

या यादीतली एक गोष्ट लक्षात घ्यावी. यांतले फारच थोडे 'तयार' केले जाई. राख स्वयंपाकातून उरलेली, साल पिळलेल्या लिंबाची, ताक नासलेले. घरातली स्वच्छता उरलेल्या वस्तूंवर चालत होती.

रेल्वे, सोडा आणि वडी

हे चित्र बदलायला भुसावळची रेल्वे बरीचशी कारण झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा इथून १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले. भुसावळ मोठे जंक्शन झाले. खानदेशी कापूस बाहेर जाऊ लागला, परत येणाऱ्या डब्यांतून कारखान्यांचा माल येऊ लागला आणि इंजिनांसाठी आलेल्या दगडी कोळशाने रेल्वे वस्तीतल्या सिगड्याही पेटल्या. राखेचे दोन प्रकार आमच्या घरात आले ते असे.

युरोपात १८६० च्या दशकात सॉल्व्हे पद्धतीने मिठापासून सोडा स्वस्तात होऊ लागला आणि राखेतून खार काढण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे मिठापूरला टाटांचा कारखाना १९३९ साली उभा राहिला; 'धुण्याचा सोडा' वाण्याकडे पुडीत मिळू लागला. लिव्हरचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता. विलायती साबणात जनावरांची चरबी असते म्हणून अनेक घरांत तो देवघरापासून दूर ठेवला जाई. १९१९ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला, त्याच्या स्वागतात स्वदेशीइतकाच या शंकेचाही वाटा होता.

खानदेशाचा स्वतःचा साबण आला अमळनेरहून. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापली. परिसरात भुईमूग भरपूर, म्हणून तेल आणि वनस्पती तुपाचा कारखाना. तेल शुद्ध करताना जो गाळ उरतो त्यापासून '७८७' नावाचा धुण्याचा साबण निघू लागला. हीच कंपनी पुढे 'विप्रो' म्हणून जगाला माहीत झाली. मला त्यात वेगळेच कुतूहल वाटते. अमळनेरचा हा साबणही उरलेल्या वस्तूतूनच झालेला होता. फरक एवढाच, की ती वस्तू आता घराऐवजी कारखान्यात उरत होती.

राख का गेली

राख जाहिरातींमुळे गेली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. आमच्याकडच्या विहिरींचे पाणी जड. त्यात वरण लवकर शिजत नाही आणि साबणाचा फेस होण्याऐवजी दह्यासारखा साका होतो. १९५९ साली आलेला सर्फ आणि १९६९ पासूनचा निरमा यांसारख्या कृत्रिम धुलाई पावडरींना जड पाणी चालत होते. हा गुण खरा होता आणि निरमाच्या किमतीने तो गरिबाच्या मोरीपर्यंत नेला.

भांडीही बदलली. ॲल्युमिनियमला खार चालत नाही. राखेने ते काळवंडते. स्टीलला राखेची गरज नाही. आणि शेवटी चूलच गेली. शहरांत गॅस आधी आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतही सिलिंडर पोहोचले. चूल नाही तर राख नाही.

याचे दुःख करताना आजीचे हात आठवावेत. दिवाळीनंतर आठवडाभर तिच्या बोटांना भेगा असत. त्यांत ती रात्री तूप भरी. खार तेल कापतो तसा कातडीतला स्निग्धांशही कापतो. चुलीच्या धुराने तिचे डोळे चुरचुरत. राख फुकट होती खरी, पण तिची किंमत घरातल्या बायका आणि दुसऱ्यांची भांडी घासणाऱ्या बायका देत होत्या. कोणत्याही आईने मुलीला त्या कष्टांकडे परत पाठवू नये.

आजची हौस

म्हणून आजच्या 'नैसर्गिक' लाटेकडे मी आनंदाने, पण थोड्या काळजीनेही पाहतो. रिठे पुन्हा घरात आले, लिंबाच्या साली फेकल्या जात नाहीत, सांडपाण्यात कमी रसायने जातात, हे चांगलेच. पण कृती हाती आल्या आणि त्यांच्यामागची पारख मात्र आलेली नाही. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फसफसणारे मिश्रण मोठ्या कौतुकाने ओततात. फसफस ओसरल्यावर तिथे जवळजवळ मिठाचे पाणी उरते. चिंच आणि राख यांचा क्रम पाळणारी आजी ही चूक करती ना. फळांच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून केलेले 'बायोएन्झाइम' उपयोगी आहे, पण ते आम्लधर्मी असते आणि जुन्या घरांतली शहाबादी फरशी चुनखडीची; ती त्याने खडबडीत होते. आणि ब्लिचिंगच्या द्रावणात लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. तिथे लिंबू घरचे आहे म्हणून धोका कमी होत नाही.

करायचेच तर साधे करावे. रिठ्याच्या साली रात्री भिजवून, सकाळी उकळून गाळलेले पाणी रेशमी आणि लोकरी कपड्यांना उत्तम. मात्र ते दोन-चार दिवसांत संपवावे, नाहीतर आंबते. तांब्याला लिंबू-मीठ, आणि लगेच धुणे. तेलकट ओट्याला गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातमोजे घालून. शेतघरी चूल असेल तर तिची चाळलेली राख, प्लास्टिक न जाळलेली.

भुसावळला आता राखेचा तुटवडा नाही. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात जळणाऱ्या भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. ती सिमेंटला आणि विटांना जाते, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उडते. त्या ढिगातली एक मूठही पितळी घागरीला चालायची नाही. ती घागर आजही आमच्याकडे आहे. गेल्या दिवाळीत नातीने ती माळ्यावरून काढली आणि विचारले, "आजोबा, ही कशाने घासायची?" मी तिला चिंच भिजवायला सांगितली आणि गावाहून आणलेल्या चुलीच्या राखेची पुडी तिच्यापुढे उघडली. आधी ती दोन बोटांत चोळून पाहा, म्हणालो.