श्रीरामपूरचा झहीर : पुन्हा खालच्या पायरीवर

अमेरिकेत बेसबॉलचा पिचर थेट मोठ्या लीगमध्ये जात नाही. आधी मायनर लीग, छोटी गावं, बसचा प्रवास. आपल्याकडे अशी शिडी चढलेला पोरगा शोधायचा तर लांब जायला नको. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूरला जाऊ.

७ ऑक्टोबर १९७८. झहीर खानचा जन्म. घरी वडिलांचा फोटोग्राफीचा व्यवसाय, आई शिक्षिका. प्रवरानगरच्या कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगची वाट समोर होती. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ही म्हणजे पक्की नोकरी! ती सोडून पोरगा बॉल टाकायला मुंबईत आला. फसला असता तर? ना डिग्री, ना क्रिकेट.

पहिली पायरी नॅशनल क्रिकेट क्लब, गुरू सुधीर नाईक. दुसरी चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथं डेनिस लिलीचं मार्गदर्शन. तिसरी रणजी, पण मुंबईकडून नाही, तर बडोद्याकडून. म्हणजे महाराष्ट्राचा पोरगा गुजरातच्या टीममधून वर आला.

ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत भारताकडून पदार्पण. बाविसाव्या वाढदिवशी समोर ऑस्ट्रेलिया, आणि यॉर्करवर स्टीव्ह वॉचा त्रिफळा! पुढच्या वर्षी रणजी फायनलमध्ये दुसऱ्या डावात पाच विकेट्स, बडोदा २१ धावांनी चॅम्पियन.

गोष्ट इथंच संपली असती तर ती नेहमीचीच होती. खरी मजा पुढे आहे.

दुखापती झाल्या, फॉर्म गेला. २००६ च्या सुरुवातीला टीममधली जागा गेली. तेव्हा त्यानं काय केलं? इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, तीही सेकंड डिव्हिजनमध्ये! वर्ल्ड कप फायनल खेळलेला बॉलर पुन्हा खालच्या पायरीवर. ना गर्दी, ना गाजावाजा. रोज ओव्हरमागून ओव्हर. रनअप छोटा केला, बॉलवरचा ताबा वाढवला. चॅम्पियनशिपमध्ये ७८ विकेट्स काढल्या, टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये गेली.

२००७ मध्ये त्याच इंग्लंडमध्ये ट्रेंट ब्रिजला नऊ विकेट्स, आणि भारतानं मालिका जिंकली. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट्स, आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वाधिक. २ एप्रिलच्या फायनलला वानखेडेवर त्यानं सलग तीन मेडन टाकल्या. आणि ती खेळपट्टी कुणी बनवली होती? सुधीर नाईक यांनी! पहिल्या पायरीवरचे गुरू, शेवटच्या पायरीवर पायाखाली.

कसोटीत ३११ विकेट्स घेऊन तो थांबला. आपण मोजतो ते हे आकडे. पण मला विचाराल तर झहीरची खरी कमाई म्हणजे २००६ चा तो उन्हाळा. वर चढणारे पुष्कळ असतात. खाली उतरून, लाज न बाळगता पुन्हा शिकणारे कमी. तुमचंही एखादं वर्ष असं चाललंय का? मग वूस्टर आठवा.

भेटू पुढच्या भागात!