कल्याण, नाणेघाट आणि वाईन

परवा भाच्याने स्पेनची लाल वाईन आणली आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात वाद झाला. ताई म्हणाली, "हे आपलं नव्हे!" मग काय, शिक्षकी सवय, इतिहास काढलाच. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात भडोचला इटलीची वाईन उतरत असल्याची नोंद आहे; आपल्या कल्याण बंदराचंही नाव त्यात आहे. नेवाशाच्या उत्खननात तर वाईनच्या रोमन कुंभांचे तुकडेच मिळाले. कल्याणचा माल नाणेघाटातून जुन्नरला चढे. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण घाटमाथ्यावर अजून आहे. आणि त्याच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावची फसफसती वाईन १९८०च्या दशकात 'ओमर खय्याम' नावाने इंग्लंडला गेली. व्यापार उलटा फिरला की!

मी घोटभर घेतली, मटणाच्या रश्श्याबरोबर. तुरट, पण जमली. ताईने सोलकढीच घेतली.