कोष्टकापासून आलेखापर्यंत

आपल्याकडे विद्या आणि पाठांतर यांची सोयरीक फार जुनी आहे. ज्योतिषाचे गणितसुद्धा श्लोकांत बांधलेले. ते ज्याला मुखोद्गत त्याला पंचांग करता येई, बाकीच्यांनी ते ऐकावे. पुढे इंग्रजी अंमलात छापखाने आले आणि श्लोकाच्या जागी कोष्टक आले. कोष्टक छापलेले असल्यामुळे कोणालाही विकत घेता येई, एवढी प्रगती खरी. पण आकड्यांच्या त्या रांगांतून अर्थ काढायला पुन्हा जाणताच लागे. आकडा सर्वांच्या नजरेला कसा दिसू लागला, आणि अजून कोणाकोणाला दिसत नाही, हा इतिहास मला राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्रात ही कथा केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापासून सुरू करावी. 1825 साली जन्मलेले केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत उमेदवारी करून तयार झाले. हवा, भरती-ओहोटी, ग्रहताऱ्यांचे वेध यांची रोजची टिपणे ठेवण्याचे काम तिथे चाले. 1860 साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते गणित शिकवीत असता टिळक त्यांच्या हाताखाली शिकले. अवघड गणित मराठीत आणण्याची त्यांची धडपड आजही थक्क करते. तरीही ग्रंथाचे नावच सांगते, की ज्ञानाचे रूप कोष्टकाचे होते.

त्याच वेधशाळेत पुढे यंत्रे आली. चुंबकसूचीवर बसविलेल्या आरशाचा कवडसा फिरत्या छायाचित्री कागदावर पडे आणि सूचीची हालचाल रेघ होऊन उमटे. रात्रभर जागून आकडे लिहिणाऱ्या माणसाचे काम प्रकाशाने उचलले. 1896 साली नानाभाई मूस हे या वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. मुंबईत विजेची ट्राम येणार तेव्हा विजेच्या प्रवाहाने सूची बिघडेल हे ओळखून चुंबकीय वेध 1904 साली अलिबागला नेण्यात आले. एखादे चुंबकीय वादळ केव्हा उठले आणि केव्हा शमले, हे त्या रेघेकडे पाहून शाळकरी पोरालाही सांगता यावे. तीच गोष्ट कोष्टकातून हुडकायला अर्धा दिवस जाईल.

विलायतेत विल्यम प्लेफेअरने 1786 सालीच व्यापाराचे आकडे रेघांनी आणि स्तंभांनी काढून दाखविले होते. 1858 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचा पाकळ्यापाकळ्यांचा आलेख काढला. जखमांनी मेलेल्या शिपायांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले किती तरी अधिक, हे त्यातल्या निळ्या पाकळ्यांनी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धरले. शहाण्यासुरत्या दरबारी मंडळींनाही कोष्टक वाचवत नाही, हे बाईंनी ओळखले होते. मग खेड्यातल्या पोराला ते वाचता येत नाही म्हणून त्याला मंदबुद्धी ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणाचे दार उघडले. पण आत कोण गेले? 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन केले, की रयतेच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि रयत कोरडीच राहते. वरती ओतलेले ज्ञान आपोआप खाली झिरपते, ही कल्पना त्यांनी मानली नाही.

आमच्या पुसदेकडे पाहिले म्हणजे जोतीरावांची आठवण होते. हा तालुका कापसाचा, डोंगराचा, बंजाऱ्यांच्या तांड्यांचा. राज्याचे मुख्यमंत्री झालेल्या वसंतराव नाईकांचे गहुली याच तालुक्यातले. आज तांड्यावरची मुले आणि मुली कॉलेजात विज्ञानाला नाव घालतात, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु घरात गोरमाटी, शाळेत मराठी आणि बी.एस्‌सी.च्या पहिल्याच दिवशी इंग्रजी, अशा तीन उंबरठ्यांवर त्यांना पाय उचलावा लागतो. माझ्या हाताखालून गेलेली, गणितात चलाख असलेली मुले वर्षा-दोन वर्षांनी बाजारात भेटतात आणि ‘सर, समजतच नाही हो’ म्हणून खाली बघतात. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे कॉलेजच्या अध्यापकांना शिकविण्याचा आव मला आणता येत नाही. पण मुलाची बुद्धी कुठे अडते, हे मास्तराला वर्गात रोज दिसते.

त्यावर महाराष्ट्रात कामही झालेले आहे. 1974 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. तेथील प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांतून, तसेच मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम केले. अडचण मुलांच्या बुद्धीत नाही, पुस्तकाच्या भाषेत आणि शिकविण्याच्या रीतीत आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. शेजारच्या मध्य प्रदेशात 1972 साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबादच्या उपक्रमात खेड्यातली मुले स्वतः मोजमाप करीत आणि स्वतः आलेख काढीत. 2002 साली सरकारने तो बंद केला. हे सारे शाळेपुरते झाले. कॉलेजच्या वर्गापर्यंत ते पोचावयाचे आहे.

कोणी म्हणेल, चित्रे दाखवून विज्ञान पातळ होते. पदवीच्या वर्गात हा बालवाडीचा खेळ कशाला? त्यांना 1973 सालचे अॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाचे उदाहरण दाखवावे. त्याने अकरा-अकरा बिंदूंचे चार संच रचले. चारींची सरासरी जवळपास तीच, पसाराही तोच. आकडेमोड करणाऱ्याला चारी भावंडे जुळी वाटावीत. आलेख काढला, की एकात विखुरलेली तिरकी रेघ, दुसऱ्यात कमान, आणि उरलेल्या दोहोंत एकच चुकार बिंदू सगळा हिशेब फिरवितो! म्हणजे आलेख न काढणाराच येथे फसतो.

मात्र आलेख आपोआप सर्वांचा होत नाही. तांबडा-हिरवा भेद न कळणारी मुले प्रत्येक कॉलेजात निघतात. त्यांना रंगाबरोबर तुटक आणि सलग रेघेचा भेद द्यावा. अंध विद्यार्थ्यासाठी दोरा चिकटवून उठावाची रेघ करता येते. वांडा दियाझ-मर्सेड ही अंध खगोलशास्त्रज्ञ तर ताऱ्यांकडून आलेल्या आकड्यांचे ध्वनी करून ते कानांनी तपासते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. जागेवर बसलेल्या मुलाला फळ्यावरचे कळले पाहिजे, ही पुढची पायरी आपली आहे.

आणि मुले आलेखाला परकी नाहीत. या दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणारी मुलगी आडव्या-उभ्या ओळी मोजूनच रेघ ओढते. तांड्यावरची बाई धागे मोजून कशिदा भरते. निर्देशांकांचे गणित याहून वेगळे काय आहे? पुसदेच्या तहसिलीत पावसाची नोंद होते. पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर पूर्वी गावाचा दुष्काळ ठरे. हे आकडे घरोघरी तोंडी असतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात हाच पाऊस आणि हीच आणेवारी आलेखकागदावर उतरवू द्यावी. अक्षांची नावे मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहावीत. आपल्या शेताचा पाऊस स्वतः काढलेला मुलगा मग वायूचा दाब किंवा औषधाची मात्रा दाखविणाऱ्या रेघेपुढे बुजणार नाही. या कामाला अनुदान लागत नाही, यंत्र लागत नाही. दहा-वीस रुपयांचा आलेखकागद आणि अध्यापकाचा एक तास लागतो. कॉलेजांनी येत्या जूनपासून तो तास द्यावा.